पहिली बेस गिटार

(प्रस्तुत पाठात, घरात पैसे मोजके असताना लहान मुलासाठी बेस गिटार कशी पारखून घ्यावी, याची माहिती दिली आहे.)

लग्नाच्या मंडपात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही गिटार पाहिली असेल. तिच्या शेजारी कधी कधी तशीच, पण लांब दांडीची आणि चारच तारांची दुसरी गिटार असते. ती वाजवणारा बहुधा मागे उभा राहतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण त्याने हात थांबवला, की सारे गाणे पोकळ वाटू लागते. ही बेस गिटार होय. तबल्यात जे काम डग्ग्याचे, म्हणजे बायाँचे, तेच वाद्यवृंदात हिचे.

साध्या गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती एका सेकंदात सुमारे ८२ वेळा कंप पावते. बेस गिटारची जाड तार सुमारे ४१ वेळाच कंप पावते. म्हणजे स्वर तोच, परंतु एक सप्तक खाली. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून एवढा खालचा सूर नीट निघत नाही. म्हणून या वाद्याची ओळख करून घ्यायची असेल, तर गाणे हेडफोन लावून ऐकावे.

आता समजा, तुमच्या दहा-बारा वर्षांच्या भावाने किंवा बहिणीने ‘मला बेस गिटार शिकायची आहे’ असा हट्ट धरला. अब्बा विचारतात, ‘पैसे किती लागतील?’ अम्मी विचारते, ‘आणि चार दिवसांनी कोपऱ्यात पडून राहिली तर?’ दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. कोपऱ्यात पडलेल्या गिटारी अनेक घरांत असतात. मात्र दर वेळी त्यात मुलाचा आळस कारण नसतो. तारा दांडीपासून फार उंच असतील, तर त्या दाबताना बोटे दुखतात. दांडी लांब असेल, तर हात पोहोचत नाही. आवाज खरखरतो. मोठ्या माणसाला कळते, की वाद्यात दोष आहे. लहान मुलाला वाटते, ‘मलाच जमत नाही.’ घरचेही तसेच समजतात आणि विषय संपतो. पैसे गेले याचे दुःख थोडे दिवस राहते. आपल्याला संगीत येणार नाही, ही समजूत मात्र मुलाच्या मनात कायमची बसू शकते.

पेटी घ्यायची असेल, तर भाता कसा पाहावा हे सांगणारे एखादे चाचा मोहल्ल्यात भेटतात. सतार घ्यायला मिरजेला जाणारा माणूस सोबत एखाद्या उस्तादांना नेतो. बेस गिटारच्या बाबतीत असा जाणकार सहसा जवळ नसतो. मग दुकानदार सांगेल ते खरे मानले जाते आणि मूल रंग पाहून गिटार निवडते. लाल रंगाची गिटार काळ्या गिटारपेक्षा जास्त गोड वाजत नाही, हे त्याला कोण सांगणार?

सर्वांत आधी पाहावे ते माप. आज दिसणारी बेस गिटार मुळात अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणली. ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करत असत आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याआधी खालच्या सुरांसाठी माणसाएवढे उंच, उभे धरून वाजवायचे डबल बेस हे वाद्य वापरत. फेंडर यांच्या गिटारमध्ये तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी ३४ इंच होती. तेच माप पुढे रूढ झाले. पण हे माप मोठ्या माणसाच्या हाताचे आहे. लहान हातांसाठी ३० इंची गिटार मिळते. चार इंचांचा फरक किरकोळ वाटेल. परंतु ३४ इंची गिटारवर पहिले चार पडदे सुमारे १८ सेंटिमीटरमध्ये पसरलेले असतात, तर ३० इंची गिटारवर सुमारे १६ सेंटिमीटरमध्ये. पट्टी घेऊन ही दोन अंतरे कागदावर आखा आणि लहान भावाची बोटे त्यावर ठेवून पाहा. दुकानात जाण्यापूर्वीच निम्मा निर्णय होऊन जाईल.

३० इंची गिटार म्हणजे लहान मुलांचे खेळणे, असे काही लोक म्हणतात. ते खरे नाही. १९६१ साली बीटल्स या इंग्लंडच्या वाद्यवृंदातील तरुण पॉल मॅकार्टनी जर्मनीतील हँबर्ग शहरी होते. त्यांच्याकडे बेस गिटार वाजवण्याचे काम नव्यानेच आले होते. फेंडरची गिटार त्यांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी हॉफनर या जर्मन कारखान्याची, व्हायोलिनच्या आकाराची, ३० इंची हलकी गिटार सुमारे ३० पौंडांत घेतली. मॅकार्टनी डावखुरे आहेत. ही गिटार दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने उलटी धरली, तरी विचित्र दिसत नव्हती. याच स्वस्त गिटारवर त्यांनी जगप्रसिद्ध झालेली गाणी वाजवली. १९७२ साली लंडनमध्ये ती एका गाडीतून चोरीला गेली. ती पुढे एका घराच्या माळ्यावर सापडली आणि मालकाला परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले.

माप ठरले, की चार तारांचीच गिटार मागावी. पाच किंवा सहा तारांची गिटार दुकानात रुबाबदार दिसते. पण तिची दांडी रुंद असते आणि शिकणाऱ्याला त्या जास्तीच्या तारांची गरज नसते.

आता दांडी तपासायची. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी आडवी धरा आणि दांडीच्या कडेने नजर न्या. ती पिळलेली दिसली, तर गिटार खाली ठेवा. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. पीळ नसेल, तर जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने व शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबा. मधल्या पडद्यांवर तार आणि पडदा यांच्यात अगदी बारीक फट दिसली पाहिजे. फट मोठी असेल, तर दांडी वाकलेली आहे. थोडा वाक सुधारता येतो, कारण दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते आणि ती फिरवून दांडी सरळ करतात. हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे. सळई फिरते की गंजून बसली आहे, एवढे मात्र दुकानातच विचारून घ्यावे.

तारांची उंची पाहण्याची युक्ती सोपी आहे. बाराव्या पडद्यावर एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा. तार त्यांच्यापेक्षा बरीच वर असेल, तर लहान बोटांना ती जड जाईल. तार ज्या घोडीवर टेकते, तिचे स्क्रू फिरवून उंची कमी करता येते. दुकानदाराला तसे करून दाखवायला सांगावे. त्याने टाळाटाळ केली, तर दुसरे दुकान पाहावे.

यानंतर थोडा धीर हवा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवा. चार तारा आणि वीस पडदे धरले, तर ऐंशी सूर होतात. त्याला पाच मिनिटे पुरतात. एखाद्या ठिकाणी तार पडद्याला लागून खरखरते का, एखादा सूर लगेच मरतो का, ते ऐका. दांडीच्या कडेवरून तळहात फिरवा. पडद्यांची टोके बोचली, तर रोजच्या सरावात हाताला ओरखडे येतील. खुंट्या सहज फिरतात, पण आपोआप सैल होत नाहीत ना, तेही पाहा. आवाजाची कळ फिरवताना खरखर झाली, तर घाबरू नका. बहुधा आत धूळ बसलेली असते आणि ती साफ करता येते. जुनी गिटार घेताना असे छोटे दोष दाखवून किंमत कमी करून घेता येते. पोचे आणि ओरखडे यांचा सुराशी संबंध नसतो. माझ्या मते मोजक्या पैशांत नव्या चकचकीत गिटारपेक्षा कोणी नीट सांभाळलेली जुनी गिटार बरी.

परंतु सगळे पैसे गिटारवर खर्च करू नका. ही चूक फार जण करतात. बहुतेक बेस गिटारना पोकळ पेटी नसते. वीज नसेल, तर तिचा आवाज कुजबुजीएवढाच येतो. अब्बांनी १५ हजार रुपये बाजूला ठेवले असतील, तर त्यांतील चार-पाच हजार ॲम्प्लिफायर, वायर, खांद्याचा पट्टा आणि पिशवी यांसाठी राखून ठेवावेत. एकाच खोलीत सहा माणसे राहत असतील आणि भिंतीपलीकडे शेजारी असतील, तर मोठ्या ॲम्प्लिफायरपेक्षा गिटारला लावायचा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर उत्तम. तोही नंतर घ्यायचा असेल, तर गिटारचे टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवा. कपाट घुमू लागेल आणि सूर स्पष्ट ऐकू येईल. पट्टा मात्र रुंदच घ्या. मोठ्या मापाच्या गिटारचे वजन चार किलोच्या आसपास असते आणि ते सारे एका खांद्यावर येते.

घरात जुनी साधी गिटार असेल, तर तिला बेसच्या तारा लावण्याचा मोह टाळावा.  मात्र तिच्या वरच्या चार तारांची नावे बेसच्या चार तारांसारखीच असतात. म्हणून बेस येईपर्यंत सुरांच्या जागा तिच्यावर पाठ करता येतील.

मुंबईत धोबी तलाव भागात वाद्यांची जुनी दुकाने आहेत. इतर शहरांत चर्चमध्ये किंवा वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांना विचारले, तर विकाऊ गिटारचा पत्ता लागतो. जाताना पट्टी, दोन नाणी आणि हेडफोन बरोबर घ्या. ज्याच्यासाठी गिटार घ्यायची, त्या लहानग्याला तर नक्कीच न्या. त्याला बसवून, गिटार मांडीवर देऊन, पहिल्या पडद्यापर्यंत त्याचा हात खांदा न ताणता पोहोचतो का, ते आधी पाहा. बाकीची तपासणी त्यानंतर.

शब्दार्थ
मोजके – थोडे, नेमके
पारखणे – तपासून पाहणे, परखणे
वाद्यवृंद – वाद्ये वाजवणाऱ्यांचा समूह
कंप पावणे – थरथरणे
जाणकार – माहितगार, वाकिफ
डावखुरा – डाव्या हाताने काम करणारा
पीळ – वळलेला आकार, बल
टाळाटाळ – टालमटोल

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेस गिटारला किती तारा असतात?
(आ) लिओ फेंडर कोणते काम करत असत?
(इ) मॅकार्टनी यांनी हॉफनर गिटार का निवडली?
प्र. २. ‘मलाच जमत नाही’ असे लहान मुलाला का वाटते, ते पाच-सहा ओळींत लिहा.
प्र. ३. तुमच्याजवळ १५ हजार रुपये आहेत असे समजून खरेदीची यादी तयार करा व प्रत्येक वस्तूसाठी किती रक्कम ठेवाल ते लिहा.
प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : हट्ट धरणे, टाळाटाळ करणे, मोह टाळणे.