चोरी कोणाची, कुलूप कोणाचं?

प्रश्न : तळ्याच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. परवा मोबाइलवर एक किस्सा आला. बिल गेट्सने स्टीव्ह जॉब्सला म्हणे सुनावलं, की आपल्या दोघांच्या शेजारी झेरॉक्स नावाचा एक श्रीमंत माणूस राहायचा. मी त्याचा टीव्ही चोरायला शिरलो तर तो तू आधीच उचलून नेला होतास. हे खरं का? माऊस आणि स्क्रीनवरच्या खिडक्या खरंच झेरॉक्सची मशिनं बनवणाऱ्या कंपनीने शोधल्या का? आणि दुसरं असं, की तिकडे इतकी उचलाउचली चालायची, तर आपल्या मराठी फाँटवाल्यांनी एकमेकांचं बघून एकच पद्धत का नाही ठेवली? मुंबईहून गावकरी मंडळाची पत्रिका पेनड्राइव्हवर येते. माझ्याकडे उघडली की कंस, टक्क्याची चिन्हं आणि डोक्यावर टिंबं दिलेली परकी अक्षरं, एवढंच दिसतं.
– एक वाचक, तळा, जि. रायगड

उत्तर : किस्सा अगदीच हवेतला नाही. जॉब्सच्या ॲपल कंपनीतल्या मॅकिंटॉश संगणकाच्या चमूतले प्रोग्रामर अँडी हर्ट्झफेल्ड, गेट्सने हे सुनावलं त्या बैठकीला हजर होते आणि त्यांनीच तो लिहून ठेवला आहे. पण चटकदार बोलणं आणि खरा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी. टीव्हीची चोरी म्हणावी असं त्यात फारसं काही घडलं नव्हतं.

आधी माऊस. तो झेरॉक्सचाही नाही. डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भरसभेत तो चालवून दाखवला. त्याचा पहिला नमुना म्हणजे लाकडी खोकं, खाली दोन चाकं. पेटंट निघालं ते त्यांच्या संस्थेच्या नावावर, आणि जगभर माऊस घरोघरी पोचायच्या आत, १९८७ मध्ये, त्याची मुदतही संपली. एंगेलबार्टना रॉयल्टी म्हणून काही मिळालं नाही. या सगळ्या कहाणीत कोणावर अन्याय झाला असेल तर तो या माणसावर. पण किस्स्यात त्याचं नावही नसतं.

झेरॉक्सने १९७० मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला प्रयोगशाळा काढली. फोटोकॉपीच्या पेटंटवर पैसा भरपूर मिळत होता आणि पुढे कागदच उरला नाही तर काय, ही धास्तीही होती. तिथे १९७३ मध्ये आल्टो नावाचा संगणक तयार झाला : उभा पडदा, तीन बटणांचा माऊस, पडद्यावर दिसेल तसंच कागदावर उमटणारं लेखन. आल्टो कधी बाजारात विकायला आला नाही. पुढे १९८१ मध्ये स्टार नावाचं यंत्र विक्रीला आणलं, त्याची किंमत साडेसोळा हजार डॉलर. एवढ्या पैशांत कारकुनासाठी टेबलावर यंत्र कोण घेणार?

आता चोरीकडे. ॲपलची माणसं १९७९ च्या डिसेंबरात ही प्रयोगशाळा पाहायला गेली ती भिंत फोडून नव्हे. त्याच वर्षी झेरॉक्सने ॲपलचे एक लाख शेअर सुमारे दहा लाख डॉलरना घेतले होते, ॲपल शेअर बाजारात यायच्या आधी. त्या बदल्यात प्रयोगशाळेचं दार उघडलं. आतल्या लोकांना ते रुचलं नाही. ॲडेल गोल्डबर्ग या संशोधिकेने तर वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं, की आपण घरचं भांडार देऊन टाकतोय. वरून हुकूम आला तेव्हाच तिने दाखवायला होकार दिला. तिचं म्हणणं बरोबर होतं. पण दार उघडणारे झेरॉक्सचेच होते, हेही तितकंच खरं.

पाहून आल्यावर काय झालं, ते मला या प्रकरणातलं सगळ्यात मजेदार वाटतं. बिल ॲटकिन्सन हा ॲपलचा प्रोग्रामर. त्याची समजूत झाली, की झेरॉक्सच्या पडद्यावर एका खिडकीखाली अर्धवट झाकलेली दुसरी खिडकीही आपोआप रंगत राहते. त्यांनी केलंय म्हणजे जमतं, असं म्हणून तो भिडला आणि झाकल्या-न झाकल्या भागांचं गणित सोडवून ते करून बसला. नंतर कळलं, की झेरॉक्सवाल्यांनी ते केलेलंच नव्हतं! न पाहिलेल्या गोष्टीची नक्कल करताना शोध लागला. माऊसचीही नुसती नक्कल झाली नाही. झेरॉक्सच्या माऊसला शेकडो डॉलर लागत, आणि तो चटकन बिघडे. ॲपलने एका छोट्या डिझाइन कंपनीकडून एका बटणाचा, काही डॉलरांत बनणारा माऊस करून घेतला. जानेवारी १९८३ मध्ये ॲपलचा लिसा हा संगणक आला, ९,९९५ डॉलरना, आणि पडला. एका वर्षाने मॅकिंटॉश आला, २,४९५ डॉलरना.

मॅकिंटॉशसाठी प्रोग्राम लिहायला ॲपलने बाहेरच्या ज्या कंपन्या धरल्या, त्यांत गेट्सची मायक्रोसॉफ्ट होती. म्हणजे स्वयंपाकघरात नेऊन बसवलेला पाहुणा. शिवाय झेरॉक्समध्ये दिसेल तसं छापणारा लेखन-प्रोग्राम करणारे चार्ल्स सिमोनी १९८१ मध्येच मायक्रोसॉफ्टला येऊन मिळाले होते, म्हणून वर्डचं मूळही तिकडेच निघतं. नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातल्या खिडक्या एकमेकींवर चढतसुद्धा नव्हत्या, फरशीसारख्या शेजारीशेजारी बसत. त्याच महिन्यात ॲपलने मायक्रोसॉफ्टला मॅकिंटॉशमधल्या काही दृश्य गोष्टी वापरायचा परवाना करारावर सही करून दिला. पुढच्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढू लागल्या आणि मार्च १९८८ मध्ये ॲपल कोर्टात गेली. तक्रारीत १८९ बाबी होत्या. त्यांतल्या १७९ आपल्याच करारात देऊन बसल्याचं न्यायाधीशांनी दाखवून दिलं, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांवर कोणाला मक्ता सांगता येणार नाही असं ठरलं. १९९४ मध्ये अपिलातही ॲपल हरली. मधल्या काळात झेरॉक्सने ॲपलवर दावा लावून पाहिला, १९८९ च्या डिसेंबरात. फार उशीर झाला होता. काही महिन्यांत तोही बहुतांश निकाली निघाला.

कायद्याचा मुद्दा तुमच्या धंद्यातून लगेच कळेल. लग्नपत्रिकेत वर गणपती, खाली दोन्ही घराण्यांची नावं आणि शेवटी बच्चेकंपनीची ओळ, ही मांडणी कोणीही करावी. शेजारच्या दुकानदाराने काढलेलं गणपतीचं चित्र मात्र स्कॅन करून वापरायचं नाही. कल्पना सर्वांची, कागदावर उतरवलेलं ज्याचं त्याचं.

याच रेषेवर पाय ठेवून केलेली एक उसनवारी आपल्या दृष्टीने जास्त मोलाची ठरली. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी काढला तो बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून. आयबीएमचं खास असं त्यात होतं ते बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम. आणि त्याचा मजकूरही कंपनीने माहितीपुस्तकात छापला होता. तो उतरवला की खटला ठरलेला. म्हणून कॉम्पॅक कंपनीने दोन चमू केले. पहिल्याने आयबीएमचा प्रोग्राम काय काय करतो ते लिहून काढलं. दुसऱ्याने मूळ मजकूर कधीच पाहिलेला नव्हता, त्याने फक्त ती यादी वाचून नवा प्रोग्राम रचला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असाच बायोस बनवून कोणालाही विकायला सुरुवात केली. मग जो तो पीसी बनवायला मोकळा. आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरात नवं संगणक धोरण येऊन आयातीची बंधनं सैल झाली, आणि पुढे लॅमिंग्टन रोडवर बोर्ड, रॅम, डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून घेऊन असेंबल केलेली यंत्रं गावोगाव पोचली. तुमच्या दुकानातलं पहिलं यंत्रही बहुधा त्याच वाटेने आलं असेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर हाच मला जास्त महत्त्वाचा वाटला. मराठी फाँटवाल्यांनी एकमेकांचं पाहिलं नाही, असं नाही. कीबोर्डची मांडणी जवळपास सगळ्यांनी टाइपरायटरवरून, म्हणजे रेमिंग्टनवरून, घेतली. त्यामुळेच मराठी ३०-४० ची परीक्षा दिलेली बोटं कुठल्याही सॉफ्टवेअरवर चालतात. ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. अर्धा ग मारून मग काना. हे सगळं यंत्राच्या लोखंडी दांड्यांच्या सोयीचं होतं. ते संगणकातही जसंच्या तसं आलं, कारण गिऱ्हाईकाच्या बोटांना तीच सवय होती.

फरक पडला तो पोटात. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. जुन्या फाँटमध्ये जागा जेमतेम अडीचशेच्या आत, आणि मराठीला पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, उंचीनुसार वेगवेगळ्या मात्रा, सगळं बसवायचं. मग ज्याने त्याने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने तुकडे बसवले. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या आयएसएमची मांडणी एक, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची दुसरी, बंगळुरूहून आलेल्या आकृतीची तिसरी, आणि फुकट मिळणाऱ्या शिवाजी, किरण फाँटची आणखी वेगळी. मुंबईच्या मंडळाने एका फाँटमध्ये टाइप केलं आणि तो तुमच्याकडे नसेल, तर तुमचं यंत्र त्या आकड्यांचा इंग्रजी अर्थ दाखवतं. तुम्हाला दिसतो तो कचरा म्हणजे मजकूरच आहे, फक्त त्याची किल्ली मुंबईत राहिली आहे.

एक पद्धत नव्हतीच, असंही नाही. आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी जिस्ट हे तंत्र विकसित केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिकडे आलं. पीसीच्या खाचेत जिस्ट कार्ड बसवलं की डॉसमधले प्रोग्राम देवनागरीत चालत. त्यामागे इस्की ही संकेतप्रणाली होती. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये ती प्रमाण केली. तिच्यात तुकडे नव्हते, शुद्ध अक्षरं होती. क ला एकच आकडा, मग तो अर्धा असो की पुरा. सोबतचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर फार विचारपूर्वक रचलेला आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क च्याच कळीवर शिफ्ट धरली की ख, ग वर घ. ही मांडणी कन्नडलाही तीच, बंगालीलाही तीच.

मग अडलं कुठे? छापखाने पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामवर गेले होते, आणि पेजमेकरला फक्त फाँट कळत होता. अक्षरं जोडून जोडाक्षर घडवायचं काम त्याला येत नव्हतं. तयार तुकडे हवे होते, आणि ते पुरवणाऱ्यांनी आपापले पुरवले. दुसरं कारण धंद्याचं. दहा वर्षांच्या फायली एका फाँटमध्ये अडकलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. बरीच मराठी सॉफ्टवेअरं तर खरंखुरं कुलूप घेऊनच येत. संगणकामागे डाँगल लावल्याशिवाय चालू व्हायची नाहीत. मी त्या कंपन्यांना सरसकट दोष देणार नाही. सीडीच्या कॉप्या सर्रास फिरत होत्या, आणि एकेक अक्षर वळणदार काढायला माणसं महिनोन्महिने खपत. सॉफ्टवेअरला कुलूप लावणं समजण्यासारखं होतं. गिऱ्हाइकाने स्वतः लिहिलेल्या मजकुरालाही त्यामुळे कुलूप लागलं, हे मात्र वाईट झालं. नकला करून मराठीचं काही बिघडलं नाही. जी नक्कल करायला हवी होती, म्हणजे पोटातल्या आकड्यांची, नेमकी तीच कोणी केली नाही.

ती अखेर बाहेरच्यांनी केली. जगातल्या सर्व लिप्यांना एकच संकेत देणाऱ्या युनिकोडने देवनागरीचा क्रम आपल्या १९८८ च्या इस्कीवरून उचलला. विंडोज २००० मध्ये त्यावर चालणारा मंगल फाँट आला. तो रेखाटला होता मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. कॅलिफोर्नियातल्या उसनवारीवर इतकं लिहिलं जातं, पण आपल्याकडून तिकडे गेलेल्या या मालाची चर्चा फारशी होत नाही, आणि कोणी त्यावर दावाही लावलेला नाही. बरंच झालं. दावा लावला असता तर तुमच्या गिऱ्हाइकांना आज मोबाइलवर मराठीत निरोप धाडता आला असता की नाही, शंकाच आहे.

आता कामाचं. मंडळाची फाइल आली की मजकूर निवडून फाँटच्या चौकटीत नाव कोणतं दिसतंय ते आधी बघा. त्या फाँटचा युनिकोड परिवर्तक इंटरनेटवर बहुधा फुकट मिळतो. त्यातून मजकूर काढून घ्या. रेमिंग्टनच्याच मांडणीने युनिकोड उमटवणारी साधनंही फुकट आहेत, त्यामुळे बोटांची सवय मोडावी लागणार नाही. राज्य सरकारनेही कार्यालयांना युनिकोड वापरायला सांगितलेलं आहे, तेव्हा तहसीलचं काम करताना ते उपयोगीच पडेल. पेजमेकरमध्ये युनिकोड मराठी नीट बसत नाही, म्हणून पत्रिका दुसऱ्या एखाद्या नव्या प्रोग्राममध्ये लावा. मुंबईच्या मंडळींना सांगा, की यापुढे युनिकोड फाइल आणि सोबत पीडीएफ अशी दोन्ही पाठवा. आणि परिवर्तन झाल्यावर माणसांची, वाड्यांची नावं पीडीएफशी एकेक करून ताडून बघा. रफार, ‘ऱ्या’ आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या चुका सगळ्यात जास्त तिथेच निघतात.