मेंदूला इजा, श्वास चालू : उपचार कुठवर?

समजा, मानोऱ्याहून कारंज्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला आणि एकाच्या डोक्याला जबर मार लागला. अकोल्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याचा श्वास अडखळू लागला, म्हणून डॉक्टरांनी त्याला कृत्रिम श्वसनयंत्र लावले. छाती वरखाली होते, नाडी लागते. पण हाक मारली तर ओ नाही. काही दिवसांनी नातेवाईक विचारतात, "तो जिवंत आहे ना?" डॉक्टरांना मात्र आधी वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो. मेंदूचा कोणता भाग निकामी झाला आहे?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. रक्तपुरवठा तुटला की चार-पाच मिनिटांतच त्याच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. पहिला फटका मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थराला बसतो. विचार, स्मृती, ओळख ही त्याची कामे. खालचा मेंदूस्तंभ अधिक चिवट असतो. श्वसनाचे नियंत्रण तो करतो. हृदयाला मात्र स्वतःची लय असते; म्हणून यंत्राने प्राणवायू मिळत राहिला, तर मेंदूस्तंभ मेल्यावरही ते काही काळ धडधडत राहते.

मेंदूस्तंभ मेला की माणूस परत येत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवदानासाठी हा मृत्यू मान्य केला. चार डॉक्टरांचे मंडळ निदान अंतर ठेवून दोनदा तपासणी करते. प्रकाशात बाहुली आकसते का, यंत्र थांबवल्यावर स्वतःचा श्वास येतो का, हे पाहतात. येथे विज्ञानाचे उत्तर स्पष्ट आहे.

खरी अडचण उलट स्थितीत येते. वरचा थर गेला, मेंदूस्तंभ शाबूत राहिला! मग रुग्ण स्वतः श्वास घेतो, झोपतो, जागा होतो, डोळे उघडतो. पण भान असल्याची खूण दिसत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची स्थिती बरीचशी अशी होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने हल्ला करून कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या.

पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की त्यांना भरवणे थांबवावे आणि शांतपणे मरू द्यावे. यंत्राचे बटण बंद करण्याचा हा प्रश्न नव्हता, हे नीट लक्षात घ्या. त्यांना श्वसनयंत्र नव्हतेच. परिचारिका कुस्करलेले अन्न भरवीत. म्हणजे थांबवायचा तो घास!

न्यायालयाने तीन डॉक्टर पाठवले. त्यांच्या मते मेंदू मृत नव्हता, पण भान हरपल्याची बहुतेक लक्षणे होती. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत. ही जाणीव की नुसती प्रतिक्षिप्त क्रिया? येथे विज्ञान ठाम बोलू शकत नाही. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते. अशी शुश्रूषा करणाऱ्यांचा अर्जाला विरोध होता. मला विराणींचा प्रश्न रास्त वाटतो. तरी रोज घास भरवणाऱ्यांना डावलून कोणी निर्णय घ्यावा, हेही पटत नाही.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. त्याच निकालात, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मात्र खुली केली. विषारी इंजेक्शन देऊन मारण्यास आजही मुभा नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताईंचा मृत्यू झाला.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. सज्ञान व्यक्ती शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवू शकते. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन वैद्यकीय मंडळांनी मात्र पाहायलाच हवे. पण पंचविशीतली धडधाकट परिचारिका असे पत्र कशाला लिहील? आणि लिहिलेले नसेल, तर तिच्या वतीने कोणी बोलावे : रक्ताच्या नात्याने, की घास भरवणाऱ्याने?