झोपेच्या गोळीवर कॅफिनचा उतारा?

दिवाळी उलटली की आपल्या झाडीपट्टीत मंडई, शंकरपट आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात. पडदा रात्री उघडतो तो पहाटे पडतो. या दिवसांत आरमोरीच्या परिसरातही कलावंत, वादक, वाहनचालक, टपरीवाले आणि प्रेक्षक असे सारेच रात्रीचा दिवस करतात. जागरणाला पूर्वी चहा होता. आता जोडीला कॅफिनच्या गोळ्या आणि डबाबंद 'एनर्जी ड्रिंक' आले आहे. उलट, दिवसा झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी कधीकाळी लिहून दिलेली झोपेची गोळी घेणारेही आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात गेल्या म्हणजे काय होते, ते आज पाहू.

पुष्कळांचा समज असा की, एक औषध झोपवते, दुसरे जागवते, म्हणजे हिशेब फिटला. हिशेब तसा फिटत नाही.

आपण जागे असतो तसतसे मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरलेल्या जागी बसले की डोळे जड होतात. कॅफिन ही जागा आधीच अडवते, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी. अ‍ॅडेनोसिन जात नाही, उभे राहून वाट पाहते. रुमाल निघाला की सारे एकदम बसते. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोलपिडेम ही औषधे मात्र दुसऱ्याच ठिकाणी काम करतात. मेंदूला स्वतःचे ब्रेक आहेत, ते ही औषधे अधिक घट्ट दाबतात. कॅफिनमुळे थोडी तरतरी येते हे खरे, पण गोळी शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. हातपायांची चपळाई, नजरेचा अंदाज आणि स्मरण यांवरचा तिचा परिणाम बऱ्याच अंशी तसाच राहतो. झोप आल्याची जाणीव तेवढी बोथट होते, आणि धोका इथेच आहे. ज्याला पेंग येते तो गाडी बाजूला लावतो. ज्याला आपण ताजेतवाने आहोत असे वाटते तो चालवत राहतो.

समजा, एका चालकाने सकाळी घरी येऊन डायझेपामची गोळी घेतली, दुपारी जड डोक्याने उठला आणि रात्री दहाला २०० मिलिग्रॅम कॅफिनची गोळी घेतली. कॅफिन साधारणपणे पाच तासांत निम्मे होते. म्हणजे पहाटे तीनला १०० मिलिग्रॅम उरले. डायझेपाम निम्मे व्हायला मात्र एक ते दोन दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारे द्रव्य त्याहूनही जास्त टिकते. रोज गोळी घेतली तर कालची शिल्लक आजच्यात मिळते. पहाटे तीन-चारला शरीराची झोपेची ओढ मुळातच सर्वांत जास्त असते. नेमके तेव्हा कॅफिन उतरणीला लागलेले असते, गोळी टिकून असते आणि हा गृहस्थ नाटकाची मंडळी घेऊन जंगलाच्या रस्त्याने परत निघतो.

कॅफिनचे गणितही ध्यानात असावे. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालते. एक कप चहात ३० ते ५० आणि २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात सुमारे ७५ मिलिग्रॅम असते. सॅरिडॉनसारख्या डोकेदुखीच्या गोळीतही ५० असते, हे कित्येकांच्या गावी नसते. पोलीस भरतीची तयारी करणारी आमची मुले व्यायामापूर्वी जी पावडर घेतात, तिच्या एका मापात दीडशे ते तीनशेपर्यंत असू शकते. डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना किंवा 'माला-डी'सारखी गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात कॅफिन जास्त वेळ रेंगाळते.

बाहेरच्या देशातला एक प्रयोग सांगतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झोपण्यापूर्वी सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप एक तासाहून जास्त घटली. तेव्हा झोप न येण्याचे कारण रात्रीच्या गोळीतच असेल, तर झोपेची गोळी वाढवून काय साधणार? आधी कॅफिन कमी करावे, तेही हळूहळू. एकदम सोडल्यास काही दिवस डोके ठणकते.

झोपेच्या गोळीचे मात्र उलट सांगणे आहे. काही आठवडे रोज घेत असाल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरच पायरीपायरीने उतरवतात, आणि चहा, पावडर, डबे यांचा हिशेब त्यांना लाज न बाळगता सांगावा. ही औषधे २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. शेजाऱ्याच्या पट्टीतली गोळी मागून घेणे तर अजिबात नको. सोबत दारू असेल तर श्वास मंदावतो. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असली तरी हे सांगणे भाग आहे.

आणखी एक. जास्त गोळ्या घेऊन कुणी बेशुद्ध पडले तर घरची माणसे घाईने कडक काळा चहा तोंडात ओततात. कृपया तसे करू नका. गिळण्याची शुद्ध नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात तो चहा जातो. त्याला कुशीवर वळवा, श्वासाकडे लक्ष ठेवा, १०८ ला फोन लावा आणि गोळ्यांची रिकामी पट्टी दवाखान्यात सोबत न्या.