थकबाकीनंतर घरबांधणीचे कर्ज

2019 च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा व कृष्णा या नद्यांना महापूर येऊन कोल्हापूर जिल्ह्यात उभा ऊस कुजला आणि मातीच्या भिंतींची घरे कोसळली. अशा वेळी ज्याचे घर पडते, त्याचेच पीककर्जही बहुधा थकते. पुढे घरासाठी तो बँकेकडे गेला म्हणजे जुनी थकबाकी आड येते.

अल्प मुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम, व वर्षाहून अधिक हंगामाच्या पिकाचे एक हंगाम थकले, की बँक ते अनुत्पादक ठरविते. ही नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. त्या 300 ते 900 या मापाने कर्जदाराची पत दर्शवितात. दुसऱ्यास जामीन राहिलेल्या शेतकऱ्याच्या अहवालातही ते कर्ज दिसते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

थकीत कर्ज कोणत्या रीतीने मिटले, यास फार महत्त्व आहे. पूर्ण फेड झाल्यास खाते ‘बंद’ असे नोंदले जाते. एकरकमी तडजोडीत बँकेने काही रक्कम सोडल्यास ‘तडजोड’ अशी नोंद होते, व गृहकर्ज देणारी बँक तिच्याकडे साशंकतेने पाहते. सवलतीची रक्कम लहान असेल, तर घर बांधू इच्छिणाऱ्याने ती न घेता पूर्ण भरणा करणेच हितावह होय. आपत्ती जाहीर होताच कर्जाच्या पुनर्गठनासाठी बँकेकडे विचारणा करावी; खाते थकण्यापूर्वी पुनर्गठन झाल्यास पत बरीच राखली जाते.

महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत (2019) 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असलेली 2 लाख रुपयांपर्यंतची पीककर्जे शासनाने भरली. अशा शेतकऱ्याने खाते निरंक झाल्याचा बँकेचा दाखला जवळ ठेवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून दाखल्याशी ताडून पाहावा व चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तक्रारीचे निवारण 30 दिवसांत न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कागदावरील दुसरी अडचण सातबाऱ्याची. कर्ज फिटले तरी ‘इतर हक्क’ या रकान्यातील बँकेचा बोजा आपोआप उतरतोच असे नाही. दाखला जोडून तलाठी कार्यालयात अर्ज करावा व फेरफार मंजूर करून घ्यावा. गावठाणातील घराचे तारण देताना केवळ ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर बँका सहसा समाधान मानीत नाहीत. स्वामित्व योजनेत (2020) ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका निघाली असल्यास ती अवश्य मिळवावी.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून साखर कारखान्याची ऊसबिले व दूध संस्थेची बिले एकाच बँक खात्यात जमा होऊ द्यावीत. ऊसबिल हप्त्याहप्त्याने येते, दुधाचा पैसा वर्षभर येत राहतो. म्हणून मासिक हप्ता दुधाच्या उत्पन्नात बसेल एवढेच कर्ज मागावे.