जुन्या जीपचा रोग कसा ओळखावा?

मंडळीची जुनी विलीज जीप आजाऱ्यास दवाखान्यात नेताना वाटेतच बंद पडली, म्हणजे कित्येक बंधूंचे मन मुंबईस रे रोडाजवळील दारूखान्याच्या जुन्या बाजाराकडे धावते. आमची विनंती ही की, भाग विकत घेण्यापूर्वी रोग ओळखावा.

प्रथम ठिणगी पाहावी. एक प्लग काढून, तारेस जोडून, भोकापासून दूर इंजिनाच्या लोखंडास टेकवावा. तार कोरड्या फडक्याने धरावी व दुसऱ्याने हँडल फिरवावे. ठिणगी न दिसल्यास डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून त्यांतील फट इंचाच्या ५० व्या भागाइतकी ठेवावी. ठिणगी असल्यास किल्ली बंद करून, कंदील व विडी दूर ठेवून, पेट्रोलचा मार्ग तपासावा. पंपाची जाळी गाळाने तुंबते. कडक उन्हात नळीतच पेट्रोलाची वाफ होते, तेव्हा नळीस ओले फडके गुंडाळून थोडे थांबणे पुरे. प्लगांच्या तारा काढल्याच, तर परत लावताना १, ३, ४, २ हा क्रम सांभाळावा.