सर्व्हरमधील नवी हार्ड डिस्क : विभाजन, आखणी आणि जोडणी

चेट्टिनाड भागातील कोट्टैयूर गावी रोजा मुत्तैया चेट्टियार यांनी आयुष्यभर तमिळ पुस्तके, मासिके आणि नाटकांची हस्तपत्रके जमविली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर हा संग्रह शिकागो विद्यापीठाने विकत घेतला आणि त्यातून १९९४ मध्ये चेन्नई येथे रोजा मुत्तैया संशोधन ग्रंथालय उभे राहिले. जीर्ण पानांवरील मजकूर तेथे प्रथम मायक्रोफिल्मवर व पुढे संगणकीय प्रतिमांच्या रूपाने जतन करण्यात येऊ लागला. ज्या पानाचा कागद फार काळ टिकणार नाही, त्याच्या प्रतिमेची काळजी मूळ पानाइतकीच घ्यावी लागते हे उघड आहे.

अशा प्रतिमांना जागा फार लागते. एका इंचात ३०० बिंदू या सूक्ष्मतेने टिपलेले ए-४ आकाराचे रंगीत पान, आकुंचन न करता ठेवल्यास, सुमारे २६ मेगाबाइट जागा व्यापते. म्हणजे ३०० पानांच्या एका पुस्तकाला जवळजवळ आठ गिगाबाइट जागा हवी, आणि एक टेराबाइटची डिस्क सव्वाशे पुस्तकांतच भरून जाते. त्यामुळे ग्रंथालयाच्या सर्व्हरला वेळोवेळी नवी डिस्क जोडणे भाग पडते. लिनक्स कुळातील कोणत्याही प्रणालीत या कामाची रीत जवळपास एकच असते. चेन्नईच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डेबियनच्या आधारे तयार करून २००७ मध्ये प्रसृत केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही याच कुळातील होय.

पहिले काम डिस्कची ओळख पटविण्याचे. प्रणाली डिस्कांना एसडीए, एसडीबी अशी नावे देते. परंतु ही नावे कायमची नसतात. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर त्यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून केवळ नावावर विसंबू नये. डिस्कचा आकार, तिच्यावर छापलेला अनुक्रमांक आणि तिच्यात आधीचे विभाग आहेत की नाहीत, या तीन गोष्टी 'एलएसबीएलके' या आज्ञेने पडताळून पाहाव्यात. पुढील आज्ञा ज्या डिस्कला उद्देशून दिली जाईल तिच्यावरच चालेल. तिच्यात कोरी जागा आहे की शंभर पुस्तके, याचा विचार यंत्र करीत नाही.

दुसरे काम विभाजनाचे. मोकळ्या इमारतीत भिंती घालून खोल्या पाडाव्यात, तसे हे असते. विभागांची नोंद डिस्कच्या आरंभी एका सारणीत होते. जुन्या पद्धतीच्या सारणीत सामान्यतः दोन टेराबाइटांपलीकडील जागेची नोंद करता येत नाही. नव्या जीपीटी सारणीला ही मर्यादा नाही, शिवाय तिची एक प्रत डिस्कच्या अखेरीसही ठेवलेली असते. 'एफडिस्क' या कार्यक्रमात केलेले बदल शेवटची लेखनाची आज्ञा देईपर्यंत डिस्कवर उतरत नाहीत. 'पार्टेड'मध्ये मात्र प्रत्येक बदल तत्काळ अमलात येतो. हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तिसरे काम आखणीचे, म्हणजेच फॉरमॅट करण्याचे. खोलीत कपाटे मांडून कोरी सूची तयार करावी, तशी ही क्रिया होय. एक्स्ट-४ या पद्धतीत पाच टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवली जाते; चार टेराबाइटांच्या डिस्कवर ही जागा दोनशे गिगाबाइट होते. केवळ प्रतिमा ठेवावयाच्या असल्यास हे प्रमाण कमी करता येते. पूर्वीची सूची या क्रियेत नाहीशी होते आणि जुना मजकूर परत मिळेल याची शाश्वती राहत नाही.

शेवटचे काम जोडणीचे, म्हणजे माउंट करण्याचे. लिनक्समध्ये सर्व फायली एकाच वृक्षात असतात. नवी डिस्क त्यातील एखाद्या रिकाम्या फोल्डरच्या ठिकाणी जोडावी लागते. ही जोडणी कायम व्हावी म्हणून 'एफएसटॅब' या फायलीत तिची नोंद करतात. तेथे एसडीबीसारखे चंचल नाव न लिहिता, फॉरमॅट करताना विभागाला मिळालेला यूयूआयडी हा विशिष्ट क्रमांक लिहावा. नोंद बरोबर आहे की नाही हे सर्व्हर बंद करण्यापूर्वीच तपासावे. काही कारणाने जोडणी झाली नाही, तरी ते फोल्डर दिसतच राहते. नव्या प्रतिमा मग निमूटपणे मूळ डिस्कवर साठत जातात आणि ती भरली की सर्व्हरचे कामकाज ठप्प होते.

इतके करूनही नवी डिस्क ही केवळ वाढीव जागा असते. ती संग्रहाची दुसरी प्रत नव्हे. डिसेंबर २०१५ च्या आरंभी अतिवृष्टीने चेन्नईचा मोठा भाग जलमय झाला होता. एकाच इमारतीतील दोन डिस्का अशा वेळी एकदमच पाण्यात जातात. म्हणून प्रतिमांची एक प्रत अन्य ठिकाणी ठेवावी, आणि ती तेथे सुस्थितीत आहे हे पाहिल्यावाचून कोणतीही जुनी डिस्क पुन्हा फॉरमॅट करावयास घेऊ नये.