एम-वनची केटी आणि बर्कलीतला एक अभ्यास

बारावीपर्यंत गणितात नव्वदच्या घरात असलेला मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला 'एम-वन'मध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात अडकतो. केटी लागते, म्हणजे विषय राहतो आणि पेपर पुन्हा द्यावा लागतो. आईला वाटतं मोबाइल नडला, वडिलांना वाटतं कॉलेजच चुकलं. मुलगा खोलीचं दार लावून घेतो आणि आणखी एकटा अभ्यासाला बसतो.

त्या बंद दाराबद्दल एका गणितज्ञाचं आयुष्यभराचं काम पालकांनी समजून घ्यावं असं आहे. यूरी ट्राइझमन १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर शिकत आणि शिकवत होते. तिथे पहिल्या सत्राचा कॅल्क्युलस पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ६० टक्क्यांच्या पदरी डी किंवा एफ पडत होता, म्हणजे जेमतेम पास किंवा सरळ नापास. कारण विचारलं की प्राध्यापकांची उत्तरं ठरलेली: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, पैशांची अडचण. ट्राइझमन यांनी एकेक कारण तपासलं. एकही टिकलं नाही. प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळवलेली मुलंही गळत होती.

मग त्यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा तब्बल १८ महिने मागोवा घेतला. वसतिगृहात, जेवणाच्या टेबलावर, ते अभ्यास कसा करतात ते पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं आठवड्याला सहा-आठ तास, सांगितला तेवढा अभ्यास इमानेइतबारे करत होती, पण एकटी. चिनी मुलं स्वतःचं गणित आधी सोडवत आणि संध्याकाळी एकत्र जमत. कधी मिळून स्वयंपाक करत, मग वह्या उघडून एकमेकांची उत्तरं तपासत, इंग्रजीही सुधारत. एकूण सुमारे १४ तास व्हायचे. एखादं उदाहरण कुणालाच सुटलं नाही तर ते मुळातच अवघड आहे, हे त्यांना कळायचं. एकट्या मुलाला मात्र वाटायचं, आपल्यालाच जमत नाही.

यातून कार्यशाळा उभी राहिली. ती कच्च्या मुलांची जादा शिकवणी म्हणून नव्हे, तर हुशार मुलांसाठी मानाची जागा म्हणून. नेहमीच्या वर्गापेक्षा कठीण गणितं द्यायची आणि गटात सोडवायला लावायची. त्यात आलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांनी गोऱ्या व आशियाई वर्गमित्रांनाही मागे टाकलं. १९९२ मध्ये ट्राइझमन यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

पुढे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात त्यांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. नर्स किंवा समाजसेवक होऊ पाहणाऱ्यांना बीजगणिताच्या सक्तीच्या पेपरात वर्षानुवर्षं का अडकवायचं? त्यांच्या डाना सेंटरने कम्युनिटी कॉलेजांसाठी वेगळ्या वाटा आखल्या: कुणाला संख्याशास्त्र, कुणाला व्यवहारातलं गणित आणि इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना कॅल्क्युलस. पुढच्या कामाला लागणारं गणित आधी, हा हिशेब नोकरीशीही थेट जोडलेला आहे.

आपल्याकडे गणितात अशा आधाराची गरज तीव्रतेने भासते ती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला (डीएसई) येणाऱ्या मुलांना. त्यांची पदवीच्या पहिल्या वर्षाची गणितं झालेली नसतात आणि एम-थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात, लाप्लास ट्रान्सफॉर्म समोर उभा राहतो. कॉलेज निवडताना सर्वाधिक पॅकेज किती, हे सगळेच विचारतात. त्यासोबत हेही विचारावं: पहिल्या वर्षात किती मुलं अडकतात, त्यांच्यासाठी काय केलं जातं, डीएसईच्या मुलांना जोडवर्ग आहे का, सीनियर मुलं शिकवतात का? आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर तीही माहितीच.

केटी लागलेल्या मुलाला घरी आधी एवढंच विचारलं तरी पुरे: तू गणितं कुणासोबत सोडवतोस? उत्तर 'कुणासोबतच नाही' असं आलं, तर रविवारी त्याच्या दोन-तीन वर्गमित्रांना जेवायला बोलवावं. जेवण झालं की वह्या तिथेच उघडू द्याव्यात.